काम होतं, आणि अजूनही आहे

संध्याकाळी शेजारचे काका दारात येतात, चपला बाजूला काढतात आणि म्हणतात, “जरा एक काम होतं तुमच्याकडं.” आतून उत्तर येते, “या ना, काय काम आहे?” विचारणारा भूतकाळात बोलतो, उत्तर देणारा वर्तमानात. काम तर अजून व्हायचेच आहे. तरीही या ‘होतं’मुळे कोणी गोंधळत नाही. समोरच्याला नाही म्हणायला जागा राहावी, म्हणून काकांनी आपली गरज एक पाऊल मागे नेऊन ठेवली आहे, हे घरातल्या लहान मुलालाही कळते.

अशाच मराठी घरातला विद्यार्थी इंग्रजीच्या तासाला ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड हेल्प मी’ हे वाक्य वाचतो आणि अडतो. मदत आत्ता हवी असताना ‘वॉज’ कशाला? ‘कॅन’चा भूतकाळ ‘कुड’, असे तर त्याने पाठ केलेले असते. इंग्रजीच्या शिक्षकांनी इथेच थांबून त्याला दारातल्या काकांची आठवण करून द्यावी. ‘आय वॉन्टेड टु आस्क’ म्हणजे आपले ‘एक विचारायचं होतं’. रँडॉल्फ क्वर्क आणि सहकाऱ्यांच्या 1985 च्या बृहद् व्याकरणात क्रियापदाच्या या वापराची वेगळी नोंद आहे. मायकेल लुईस यांनी 1986 च्या ‘द इंग्लिश व्हर्ब’मध्ये आणखी पुढे जाऊन मांडले, की इंग्रजीतले हे भूतकाळी रूप मुळात दूरपणाचे आहे. काळातला दूरपणा हा त्याचा एक उपयोग, माणसामाणसांतले अंतर हा दुसरा. ‘कुड यू हेल्प मी?’ला होकार देताना ‘येस, आय कुड’ म्हणत नाहीत, ‘येस, आय कॅन’ म्हणतात. अंतर राखायचे ते विचारणाऱ्याने. घरातल्यांनी ‘काय काम आहे?’ म्हटले, तेही याच रीतीने.

मराठी अर्जाची भाषा पाहिली तर अडचणीचे मूळ आणखी स्पष्ट होते. ‘कृपया माझी तीन दिवसांची रजा मंजूर करावी, ही नम्र विनंती.’ इथला नम्रपणा ‘नम्र’ या शब्दात थोडा आणि ‘करावी’ या रूपात फार आहे. आज्ञार्थी ‘करा’ टाळून विध्यर्थी ‘करावी’ वापरले, की वाक्याचा सूर बदलतो. विद्यार्थी याचे इंग्रजी करतो तेव्हा ‘कृपया’चे ‘प्लीज’ होते, पण ‘आवी’ हा प्रत्यय वाटेत गळून पडतो. उरते ते ‘प्लीज ग्रँट मी लीव्ह’, म्हणजे निव्वळ आज्ञार्थ. काहीतरी राहून गेले, हे त्यालाही जाणवते. मग तो ‘प्लीज काइंडली’ लिहितो, वर ‘हंबल रिक्वेस्ट’ जोडतो. क्रियापदाने पेलायचे ओझे विशेषणांवर आणि क्रियाविशेषणांवर पडते. आपल्या कचेऱ्यांतली कितीतरी इंग्रजी पत्रे अशी वाकलेली दिसतात, आणि वाचणाऱ्याला ती एकाच वेळी लाचार आणि हुकमी वाटतात. विद्यार्थ्याच्या मनात या दोन्हींतले काहीच नसते, म्हणून हे अधिक खटकते.

आता वहीत हटकून सापडणारे एक वाक्य जवळून पाहू: ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू विल सेंड मी द मार्कशीट.’ पहिला अर्धा भाग अंतर राखून बोलतो आणि दुसरा एकदम जवळ येऊन उभा राहतो. ‘वुड’शी जोडी ‘कुड’ची किंवा ‘वुड’ची: ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड सेंड मी द मार्कशीट.’ सगळेच जवळ आणायचे असेल तर ‘आय विल बी ग्रेटफुल इफ यू कॅन सेंड’ हेही शुद्ध आहे, फक्त सूर कमी औपचारिक. इथेही मराठी मदतीला येते. ‘आपण आलात तर आनंद होईल’ या वाक्यात येणे पुढे घडायचे आहे, तरी रूप ‘आलात’. ‘तर’ आणि ‘इफ’ यांच्या आसऱ्याला भूतकाळी रूप बसते, हे मराठी मुलाला नवे नाही.

लाल शाईची चूकही इथेच होते. ‘इफ’नंतर ‘वुड’ येत नाही, हा नियम फळ्यावर लिहून दिलेला असतो. त्यामुळे ‘इफ यू वुड सेंड’ लिहिणाऱ्या हुशार मुलीचे गुण कापले जातात. विनंतीच्या वाक्यात ते ‘वुड’ समोरच्याची तयारी विचारते आणि औपचारिक इंग्रजी पत्रात ते पूर्णपणे रूढ आहे. अशा वहीवर फुली मारण्याआधी शिक्षकांनी ते वाक्य विनंतीचे आहे का, एवढे पाहावे.

याउलट ‘कुड सेंट’वर मात्र खूण हवीच. भूतकाळ म्हटला की मूल दोन्ही क्रियापदे मागे नेते. दूरपणाचे रूप एकदाच घ्यायचे, पुढे मूळ धातू. ‘आय वुड अप्रिशिएट इफ’मध्ये मधला ‘इट’ गळतो, तोही बारकाईने पाहावा. ‘रिक्वेस्ट’ क्रियापद असेल तर पुढे ‘फॉर’ लागत नाही, नाम असेल तर लागते. ‘रजेसाठी विनंती’ डोक्यात असल्यामुळे ‘आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ लिहिले जाते, हे समजावून सांगितले की चूक लवकर सुटते. ‘आय रिक्वेस्ट दॅट ही बी गिव्हन लीव्ह’मधले बोडके ‘बी’ मुलांना छापायची चूक वाटते. त्या ‘बी’शेजारी ‘त्याला रजा द्यावी’तले ‘द्यावी’ ठेवून दाखवावे.

पत्राच्या शेवटी ‘लुकिंग फॉरवर्ड टु हिअर फ्रॉम यू’ येते. ‘टु’ दिसला की मूळ धातू, ही सवय त्यामागे आहे. उपाय सोपा आहे. ‘टु’नंतर एखादे नाम बसते का ते पाहायचे. ‘लुकिंग फॉरवर्ड टु युअर रिप्लाय’ बसते, म्हणून तिथे ‘हिअरिंग’. ‘वुड यू माइंड’नंतरही ‘सेंडिंग’च. या ‘माइंड’ला मराठीत नेमका शब्द आहे, हरकत. ‘पाठवायला काही हरकत आहे का?’ याला ‘नाही’ म्हटले की काम झाले. इंग्रजीतही ‘नॉट ॲट ऑल’ म्हणजे होकार. हा उलटा होकार समजावताना निम्मा तास घालवण्याचे कारण नाही.

‘वुड’ सभ्य आहे असे एकदा कळले, की ते सगळीकडे शिंपडले जाते. ‘द मीटिंग वुड बी हेल्ड ऑन मंडे’ अशी सूचना शाळेच्या फलकावरही दिसते. ठरलेल्या बैठकीला अंतर कशाला? तिथे ‘विल’च हवे.

किती अंतर राखायचे, हे माणूस आणि मागणी पाहून ठरते. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी 1987 च्या पुस्तकात इंग्रजी, मेक्सिकोतली त्सेल्ताल आणि आपल्याकडची तमिळ या भाषांतली उदाहरणे घेऊन तीन गोष्टी सांगितल्या: दोघांतली ओळख किती, अधिकार कोणाचा, आणि मागणी किती जड. सहकाऱ्याला ‘प्लीज सेंड द लिस्ट बाय फ्रायडे’ पुरेसे आहे. त्यालाच ‘आय वॉज वंडरिंग’ लिहिले तर तो बिचकेल.

पत्रलेखनाच्या तासाला पत्ता, तारीख आणि विषय कुठे लिहायचा यात बहुतेक वेळ जातो. त्यातली पंधरा मिनिटे काढून एक प्रयोग करता येईल. मागणी एकच, दोन दिवस पुस्तक उसने हवे. ती आधी मराठीत तीन जणांकडे मागायला सांगावी: वर्गमित्राकडे, ग्रंथपालांकडे, आणि कधीही न भेटलेल्या लेखकाकडे. ‘दे ना’, ‘मिळेल का’, ‘मिळू शकलं तर फार बरं होईल’ अशी उत्तरे मुलांकडूनच येतील. ती फळ्याच्या डाव्या बाजूला लिहावीत आणि उजवी बाजू इंग्रजीसाठी मोकळी ठेवून खडू मुलांच्या हातात द्यावा.