विषाणूंचे गोत्र

कला शाखेच्या विद्यार्थ्याने विषाणूंवर लिहावे, ही काहींना अनधिकार चेष्टा वाटेल. परंतु ज्या मोसम खोऱ्यात गाय-बैलांवर घरे उभी आहेत, तेथे हा विषय केवळ विज्ञान शाखेचा राहत नाही.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात लंपी त्वचारोग दिसला आणि बघता बघता राज्यभर पसरला. जनावरांचे बाजार बंद झाले. गाईंना लस टोचली गेली, ती मात्र शेळ्यांच्या देवीची! त्या दिवसांत नामपूरच्या पारावर एक प्रश्न वारंवार कानी येई, "बकरीनी लस गायले कशी चाली?" प्रश्न रास्त होता. खेद एवढाच की, विचारणाऱ्याच्या भाषेत उत्तर देणारे तेथे कोणी नव्हते.

वस्तुतः ते उत्तर आपल्याला सहज समजावे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने अनेक हस्तलिखिते ताडून १९६६ साली महाभारताची चिकित्सित आवृत्ती पूर्ण केली. नकलाकाराची एकच चूक दोन पोथ्यांत सापडली, तर त्या पोथ्या एका घराण्यातल्या, असा अशा कामातला तर्क. विषाणूही स्वतःच्या नकला काढतो आणि नकलेत चुका करतो. लंपीच्या विषाणूची जनुकीय पोथी सुमारे दीड लाख अक्षरांची. मेंढ्या-शेळ्यांच्या देवीच्या विषाणूंशी ती सुमारे ९७ टक्के जुळते. म्हणूनच शेळीची लस गाईच्या शरीराला या शत्रूची ओळख करून देऊ शकते.

पण साम्य म्हणजे एकरूपता नव्हे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच तुलनेत आढळले की, लंपीच्या विषाणूतील नऊ जनुके मेंढ्या-शेळ्यांच्या विषाणूंत मोडलेली आहेत. गाईला ग्रासण्याची शक्ती या जनुकांत असावी, असे संशोधकांचे अनुमान आहे. तेव्हा उसनी लस ही अडल्या वेळची सोय समजावी. हिसार व इज्जतनगर येथील संस्थांनी लंपीच्याच विषाणूला दुर्बल करून स्वदेशी लस तयार केली आणि डिसेंबर २०२२ मध्ये तिचे तंत्र पुण्याच्या पशुवैद्यकीय संस्थेला देण्याचा करार झाला, हे उचितच झाले.

नुसत्या फोडांवरून गोत्र ठरवू गेल्यास फसगत होते. म्हशींनाही देवी येतात. महाराष्ट्रात १९८५ ते १९८७ या काळात घेतलेल्या नमुन्यांतील विषाणू माणसाच्या देवीच्या लशीतील विषाणूचा निकटचा भाऊबंद निघाला. तो दूध काढणाऱ्याच्या हातावर फोड आणतो. लंपी माणसाला होत नाही. तरीही २०२२ मध्ये आमच्याकडे काही घरांनी भीतीपोटी दूध बंद केले. अज्ञानाची किंमत गरीब गोपालकाने मोजली.

माझे मत स्पष्ट आहे. प्रत्येक साथीतील नमुने प्रयोगशाळेत ताडले गेलेच पाहिजेत, आणि त्याचा निष्कर्ष गोठ्यापर्यंत मराठीत, अहिराणीत पोहोचला पाहिजे. पहिले काम शास्त्रज्ञांचे. दुसरे भाषा शिकणाऱ्या आपणा सर्वांचे. ते आपण अंगावर घेतले नाही, तर पुढच्या साथीत अफवाच गावाला शिकवतील.