बीपी कमी आलं म्हणजे धोका टळला, असं नाही

रात्री दोन वाजता अब्बांच्या छातीत दुखू लागतं. दरदरून घाम फुटतो. कुणीतरी घरातलं मशीन दंडाला बांधतं. आकडा येतो १०० वर ६०. "बीपी तर वाढलेलं नाही, गॅस असेल," म्हणून ओवा दिला जातो आणि सगळे सकाळची वाट बघतात. शहाडच्या चाळीत काय किंवा उल्हासनगर-अंबरनाथच्या वस्तीत काय, असं कुठल्याही घरात होऊ शकतं. आणि हीच चूक जिवावर बेतते.

स्वीडनमध्ये १९९७ ते २००७ या काळात छातीत दुखतं म्हणून अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या सुमारे १ लाख १९ हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दाखल होताना ज्यांचा वरचा आकडा १६३ किंवा त्याहून जास्त होता, ते वर्षभरात सर्वांत कमी दगावले. सर्वांत जास्त मृत्यू १२८ च्या खाली असलेल्यांत झाले.

याचा अर्थ वाढलेलं बीपी चांगलं, असा नाही. संकटात दाब चढवण्याइतकी ताकद त्या हृदयात शिल्लक आहे, एवढाच तो इशारा असू शकतो. दाब खाली गेला, तर पंपच थकलेला असण्याची शक्यता असते. वर्षानुवर्षं चढलेलं बीपी मात्र रक्तवाहिन्या खराब करतं आणि झटक्याकडे नेतं. त्यामुळे चालू असलेली गोळी सोडू नका. रमजानमध्येही नाही. सहरी-इफ्तारच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

आणखी एक सवय सोडायला हवी. छातीत दुखलं की शेजाऱ्याकडची सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची. ही गोळी बीपी खाली आणते. आधीच उतरलेल्या माणसाला ती घातक ठरू शकते.

मग करायचं काय? आकड्याशी वाद घालत बसू नका. १०८ ला फोन करा. रुग्णाला चालवू नका, जिने चढू-उतरू देऊ नका. जवळपास रात्री ईसीजी कुठे निघतो, हे आजच विचारून ठेवा. गुठळी विरघळवण्याच्या औषधाचा खरा फायदा पहिल्या काही तासांतच असतो.

दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे पाच-सहा वर्षं आधी येतो, हे आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलं आहे. म्हणजे हा प्रश्न फक्त अब्बांचा नाही. मोबाइल आपल्या हातात असतो, इंटरनेट आपल्याला कळतं. घरात रात्री दोन वाजता निर्णय घेणारं माणूस बहुधा आपणच असणार आहोत.