उपेक्षित, पण कोणाच्या दरबारी?

‘उपेक्षित’ हा शब्द आम्हां साहित्यवाल्यांचा फार लाडका. वर्षाकाठी एखादा उपेक्षित कवी उजेडात आणल्यावाचून आमच्या चर्चासत्रांना शोभा येत नाही. अमेरिकन फुटबॉलचे चाहतेही याच शब्दावर लुब्ध आहेत हे ध्यानात आले, तेव्हा प्रथम गंमत वाटली आणि मागाहून अस्वस्थता. (हा फुटबॉल पायाने कमी आणि हाताने अधिक खेळला जातो, हे आरंभीच सांगितलेले बरे.)

तेथील व्यवस्था अशी. विद्यापीठांचे मोठे संघ लाख-लाख प्रेक्षकांपुढे खेळतात. सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला १९३५ पासून हाइझमन करंडक दिला जातो. एनएफएल ही व्यावसायिक लीग दर वसंतात ‘ड्राफ्ट’ भरवते; तीत संघ आळीपाळीने आपापले खेळाडू निवडतात. ओक्लाहोमा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक जेसन व्हाइट याला २००३ चा हाइझमन मिळाला. २००५ च्या ड्राफ्टमध्ये अडीचशेंहून अधिक नावे पुकारली गेली. त्यांत त्याचे नव्हते.

अशा खेळाडूंच्या याद्या केल्या जातात आणि त्यांत कर्ट वॉर्नर हटकून असतो. १९९४ मध्ये कोणी न निवडलेला, किराणा दुकानात फळ्यांवर माल लावणारा हा तरुण २००० च्या जानेवारीत सुपर बोलचा मानकरी ठरला. कथा सुरस आहे, पण आमच्या मते ती येथे अस्थानी आहे. वॉर्नर महाविद्यालयात शेवटच्या वर्षापर्यंत राखीव खेळाडूंतच होता. आणि त्याची कहाणी अखेर लीगचेच माहात्म्य गाते: चूक झाली, चूक सुधारली, दरबार न्यायीच ठरला. पुढे ज्याला यश मिळाले त्याच्याच उपेक्षेची आपण आठवण ठेवतो. आमच्या वाङ्मयेतिहासातही याहून निराळे काय घडते?

ज्यांच्याबाबत चूक ‘सुधारली’ नाही, त्यांचे काय? नेब्रास्काच्या टॉमी फ्रेझियरने १९९४ आणि १९९५ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदे संघाला मिळवून दिली. १९९६ च्या २ जानेवारीला फ्लोरिडाविरुद्ध त्याने पंचाहत्तर यार्डांची जी धाव घेतली, ती ज्याने पाहिली नसेल त्याने अवश्य पाहावी. प्रतिस्पर्धी त्याला धरतात, कवळतात, एकमेकांवर कोसळतात आणि तो त्या घोळक्यातून निघून जातो. तरीही ड्राफ्टमध्ये त्याला कोणी घेतले नाही. रक्ताच्या गुठळ्यांचा विकार होताच. शिवाय नेब्रास्काच्या खेळात क्वार्टरबॅकने स्वतः धावणे मध्यवर्ती होते, आणि लीगला तेव्हा हवा होता तो प्रामुख्याने चेंडू फेकणारा. म्हणजे अभंगकर्त्याकडे कादंबरी मागण्यासारखेच. व्हाइटच्याही दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या होत्या. पुढल्या दहा वर्षांचे शरीर विकत घेणाऱ्याने गुडघे पाहिले, तर त्याला अरसिक म्हणणे आम्हांला योग्य वाटत नाही.

वॉरन मूनची गोष्ट मात्र वेगळी. १९७८ च्या रोझ बोलमध्ये तो सामनावीर होता. पण कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकला जागा बदलायला लावण्याची त्या काळी रीतच होती. आपल्याला आपल्या जागी कोणी खेळवणार नाही हे दिसताच त्याने ड्राफ्टपूर्वीच कॅनडाची वाट धरली आणि एडमंटनबरोबर सलग पाच ग्रे कप जिंकले. येथे गुडघ्यांचा प्रश्न नव्हता, प्रकारभेदाचाही नव्हता. ‘दुर्लक्ष’ हा शब्द येथे फारच सभ्य पडतो. पुरते लक्ष देऊनच त्याला नाकारले गेले.

रवींद्रनाथांनी ऊर्मिलेला काव्याची उपेक्षिता म्हटले, तेव्हा जाब कवीला विचारला होता. फुटबॉलच्या या याद्यांत उलट चालते: उपेक्षा करणारा सुखरूप राहतो आणि उपेक्षिताच्याच लायकीचा पुनःपुन्हा हिशेब होतो.

आमची खरी तक्रार पैशाची आहे, आणि साहित्यिकांनी पैशाविषयी बोलू नये हा संकेत आम्ही येथे मोडतो. २०२१ पर्यंत महाविद्यालयीन खेळाडूला स्वतःच्या नावावरही कमाई करता येत नसे. विद्यापीठांनी त्याला थेट मोबदला देण्याची मोकळीक तर २०२५ च्या जुलैपासूनची. तोवर शिष्यवृत्ती होती आणि लीगची आशा होती. फ्रेझियर, व्हाइट यांनी काम केले एका दरबारी, मजुरी मिळायची ती दुसऱ्या. आणि दुसऱ्या दरबाराने दार लावले की पहिला हात झटकून मोकळा. त्यांची स्टेडियमे मात्र भरतच होती.

व्हाइटचा ब्राँझचा पुतळा नॉर्मन येथे विद्यापीठाच्या स्टेडियमसमोर उभा आहे. एनएफएलच्या नियमित हंगामात तो एकही सामना खेळला नाही.