सुताने मोजू नका
निर्मळसारख्या समुद्राजवळच्या गावात जुन्या लोखंडी सायकलीचा सीट पिलर खाऱ्या वाऱ्याने गंजून फ्रेममध्येच धरतो. तो काढून नवा घालताना घोळ होतो मापाचा. आपली साधी काळी सायकल बहुधा एक इंची, म्हणजे २५.४ मिलिमीटरचा पिलर घेते. पण जुन्या गिअरच्या सायकलींत २६.६, २६.८, २७, २७.२ अशी मापं असतात, फरक फक्त ०.२ मिलिमीटरचा. एका सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, अशा जवळपास सोळा पायऱ्या मावतात! त्यामुळे पट्टी नको, व्हर्निअर कॅलिपरच हवा. जुना पिलर हाताशी असेल तर आधी त्याच्या खालच्या टोकाशी मापाचा शिक्का शोधा. नसेल तर फ्रेमच्या नळीतला गंज पॉलिश पेपरने काढा. सीटचा बोल्ट वर्षानुवर्षं आवळून नळीचं तोंड दबलेलं असतं. त्या तोंडाच्या चिरेच्या कडा समांतर करून मगच दोन-तीन दिशांनी मोजा. सैल पिलरला पत्र्याचा तुकडा लावून बोल्ट पिळणं मला अजिबात मान्य नाही. पिलर घसरत राहतो आणि बोल्ट धरणारे फ्रेमचे कान वाकतात, ते पुन्हा सरळ होणं कठीण. योग्य पिलर ग्रीस लावल्यावर हातानेच फिरवत खाली उतरतो. हातोडा घ्यावासा वाटला, तर तो पिलर दुकानात परत करा.