डब्याचा हिशोब

क्रेडिट कार्डाचं बिल आलं की आमच्या टीममध्ये कुणीतरी जाहीर करतंच, "उद्यापासून घरचा डबा!" तेल कमी, मैदा नाही, शिवाय पैसे वाचतात. सगळं खरं आहे. पण एकदा हिशोब नीट मांडून बघूया. काय करणार, धंदाच तो आमचा.

ॲपवरून मागवलेलं जेवण जीएसटी, पॅकिंग, डिलिव्हरी धरून मला साधारण २०० रुपयांना पडतं. तीन पोळ्या, भाजी, थोडी उसळ किंवा कोशिंबीर घरी केली तर गॅससकट ५० च्या आसपास. रोजचे १५० वाचले. कामाचे २२ दिवस, म्हणजे महिन्याला ३३०० रुपये. वा!

आता वेळ धरा. चिरणं, कणीक मळणं, पोळ्या लाटणं, फोडणी... रोजची ३५ मिनिटं कुठे गेली नाहीत. महिन्याचे जवळजवळ १३ तास. म्हणजे तासाला अडीचशे रुपये. रेट काही वाईट नाहीये.

फक्त ते १३ तास कुणाचे? आपल्यातल्या बऱ्याच जणांचा डबा आई नाहीतर बायको पहाटे उठून करते. (बायको पुढे स्वतःही ऑफिस गाठते, हे विशेष.) मग 'मी पैसे वाचवले' कसं म्हणायचं राव? वाचवले तिने, जमा झाले आपल्या एसआयपीत. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना निदान त्याचे पैसे तरी मिळत. तेही असे की किराणा भरायला सावकार गाठावा लागे. त्यांना त्यातून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आपल्या घरात मात्र हे काम अजून फुकटात धरलं जातं.

तेव्हा माझं मत सरळ आहे. डबा न्यायचाय ना? मग स्वतः करा.

पोळ्या जमत नाहीत? मलाही कंटाळा येतो. पोळीभाजी केंद्रातून आणा. तीन पोळ्यांमागे २५ रुपये जास्त जातील, म्हणजे बचत २७५० वर येईल. पण काम १५ मिनिटांत आटपतं, महिन्याचे साडेपाच तास. तासाचा रेट झाला ५००! "घरच्या पोळीची सर नाही" हे ऐकून घ्यायचं आणि सोडून द्यायचं.

बाकी सगळी रात्रीची तयारी. भेंडी-गवार आदल्या रात्री धुऊन, पुसून, चिरून ठेवली तरी चालते. पालेभाजी नुसती निवडून ठेवा, चिरू नका. मटकी रविवारी सकाळी भिजत घातली, रात्री उपसून फडक्यात बांधली, की सोमवारी संध्याकाळपर्यंत झकास मोड येतात. दोन दिवसांच्या उसळीची सोय झाली. थंडीत मात्र जरा जास्त वेळ द्यावा लागतो.

भांडी अजून हिशोबात धरलेली नाहीत. घरी त्यावर चर्चा चालू आहे.