टांकीचे घाव कोणीं मोजले?

“टांकीचे घाव सोसल्याशिवाय दगडास देवपण येत नाहीं,” ही म्हण आमच्या खेड्यांतल्या शाळांतून जितक्या वेळां ऐकूं येते, तितक्या वेळां पाढेही ऐकूं येत नसतील. शहरांतून पाहुणा येतो, गळ्यांत हार घालून घेतो, समोर उन्हांत बसलेल्या अनवाणी पोरांकडे पाहतो आणि सांगतो कीं, बाळांनो, गरिबी हीच खरी शाळा, संकट हाच खरा गुरु! मग तो दोन-तीन ग्रंथकारांचीं नांवें घेतो. ते उपाशी राहिले म्हणून मोठे लेखक झाले, असें म्हणतो. पोरें टाळ्या वाजवितात, पाहुणे मोटारींत बसतात, आणि टाळ्या वाजविणाऱ्यांपैकीं कित्येक पोरें दुसऱ्या दिवशीं आईबरोबर कापूस वेचावयास जातात.

या पाहुण्यांनीं ही म्हण एकदां पाथरवटाच्या तोंडून ऐकावी. पाथरवट डोळे मिटून घाव घालीत नाहीं. आधीं तो दगड वाजवून पाहतो, शीर कोठें आहे तें हेरतो, टांकीस धार लावतो. एवढें करूनही कांहीं दगड हातांत फुटतातच. फुटलेल्यांची खडी होते व ती सडकेवर पडते. देवळांत जाणारा मूर्तीच्या पायां पडतो. तो ज्या खडीवरून चालत आला तिची त्यास आठवण राहत नाहीं. आमच्या साहित्याचेंही तसेंच झालें आहे. लढाई, दुष्काळ व भूक यांतून जीं पोरें वांचलीं, व वांचून ज्यांच्या हातीं लेखणी लागली, त्यांचींच पुस्तकें कपाटांत आहेत. तीं दाखवून “संकटानें तरुण घडतो” असें म्हणणें म्हणजे साथींतून वांचलेला एक बैल दाखवून साथीनें बैल धष्टपुष्ट होतात असें म्हणणें होय. हें कोणा शेतकऱ्यास पटेल काय?

लढाईचीच गोष्ट घेऊं. महायुद्धाच्या सावलींतला मराठी तरुण म्हटला कीं विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’चें नांव निघतें. ती कादंबरी 1939 सालीं आली. युरोपांतून परत निघालेल्या बोटीवर चक्रधर नांवाचा आपला तरुण व जर्मनींतून जीव घेऊन पळालेली हेर्टा ही ज्यू मुलगी यांची भेट होते. त्याला उतरावयास मुंबई आहे; तिला उतरावयास जगांत कोणतेंच बंदर नाहीं. पुस्तक चांगलें आहे, आणि चांगल्यास चांगलें म्हणण्याचा कंजूषपणा आम्ही करीत नाहीं. पण त्या बोटीचें तिकीट आमच्या घरांत कोणाजवळ होतें?

बोटीनें आमचींही पोरें गेलीं. तीं सरकारी बोटीनें गेलीं. 1915 च्या डिसेंबरांत मेसोपोटेमियांत कूत येथें मराठा पलटणी वेढ्यांत सांपडल्या. घोडे मारून खाण्याची पाळी आली. 29 एप्रिल 1916 रोजीं शरणागती झाली, आणि वाळवंटांतून पायीं हांकलेल्या कैद्यांपैकीं पुष्कळ जण घरीं परतलेच नाहींत. दुसऱ्या महायुद्धांत हिंदी सैन्य 25 लाखांच्या घरांत गेलें. 1944 च्या जुलैंत इटलींत कुलाबा जिल्ह्यांतल्या पळसगांवचा यशवंत घाडगे हा 22 वर्षांचा नायक एकटा मशिनगनच्या ठाण्यावर धांवून गेला व पडला. त्यास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मरणापूर्वीं त्याच्या मनांत काय होतें? आपण कोणाचे, कोणासाठीं लढतों, असा प्रश्न त्यास पडला होता काय? कोणत्या पुस्तकांत तें शोधावें? पहिल्या महायुद्धांत तर निरक्षर शिपायाचें पत्र दुसरा कोणी लिहून देई आणि तें रवाना होण्याआधीं सरकारी तपासनीस वाचून पाही. दोघांच्या हातांखालून गेलेल्या कागदावर शिपायाचें मन कितीसें उरत असेल? पलटणीचें नांव, नंबर आणि पुढें पेन्शनचें बुक, एवढीच त्याची ओळख. जात्यावर बसलेल्या त्याच्या बहिणीनें ओवींत त्याचें नांव गुंफलें असेल; पण ओवीस साहित्य म्हणावयास आपले पंडित फार उशिरां तयार झाले.

इकडे आमच्या नागपुरांतही तसेंच. 1942 च्या चळवळीनंतर 1943 च्या जानेवारींत नागपूरच्या तुरुंगांत शंकर महाले या पोरसवदा तरुणास फांशीं दिलें. त्यास आत्मचरित्र लिहावयास सवड कोठून मिळणार?

आतां कोणी म्हणेल, सैन्यानेंच तर दलितांस ताठ उभें केलें. मग लढाईनें माणूस घडला कीं नाहीं? या युक्तिवादांतली चूक आम्ही दाखवितों. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार हे लष्करी शाळेंत मुख्याध्यापक होते. जुन्या पलटणींत शिपायांच्या मुलांमुलींस शिकणें भाग असे. जें तेज त्या घरांत आलें तें बंदुकीच्या दारूनें आलें नाहीं, पाटीनें आलें. म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद झाली तेव्हां नुसती चाकरी गेली नाहीं, शाळाही गेली. जोतीरावांचें उदाहरण तर घरचेंच आहे. शाळेंतून काढून मळ्यांत घातलेला पोर मळ्याच्या कष्टानें महात्मा झाला नाहीं. गफार बेग मुन्शी व लिजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनीं बापाची समजूत घातली आणि 1841 सालीं पोर पुन्हां शाळेंत गेला. शेजारी गप्प बसते तर?

पाहुण्यांचा हुकमाचा एक्का म्हणजे अण्णाभाऊ साठे. दीड दिवस शाळेंत गेले आणि एवढे ग्रंथकार झाले. मग शाळेचें काय नडलें, असें ते विचारतात. अहो, शाळा अण्णाभाऊंस नको होती असें नव्हे. वाटेगांवची शाळा मांगाच्या पोरास ठेवूं शकली नाहीं! पुढें बापाबरोबर पायीं मुंबई गांठल्यावर माटुंग्याच्या कामगार वस्तींत, चळवळीच्या सोबत्यांत, त्यांस अक्षरें भेटलीं. शाळेनें सोडलेल्यास कामगारांनीं शाळा दिली. मग त्या माणसानें रशियांतल्या स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला, 1944 सालीं लाल बावटा कलापथक उभें केलें, आणि 1959 सालीं ‘फकिरा’ दिली. ती कादंबरी तरी नीट वाचा. भुकेनें फकिराचें चारित्र्य घडलें असें ती सांगत नाहीं. माणसें भुकेनें मरत असतां धान्याचीं कोठारें भरलेलीं होतीं, आणि तीं फोडणें हाच एका तरुणाचा धर्म ठरला, असें ती सांगते. पाहुण्यांच्या भाषणांत ही गोष्ट सहसा येत नाहीं.

आमच्या वऱ्हाडास स्वतःचें पुस्तक 1960 सालीं मिळालें: उद्धव शेळके यांची ‘धग’. तींत शिंप्याचें घर आहे. कौतिक नांवाची बाई नवऱ्याचा नाकर्तेपणा, त्याचें आजारपण व दारिद्र्य यांशीं झुंजते, कां तर पोरांनीं माणसांत यावें. आमच्या घरोघरीं एक तरी कौतिक आहे, म्हणून पुस्तक वाचतांना परकें वाटत नाहीं. तिनें कष्टांत काय कमी केलें? पण शेळके खोटें बोलले नाहींत. कष्टाचें फळ म्हणून शेवटीं पेढे वांटले नाहींत. तें घर आंचेनें करपून जातें. पोरांच्या मनाचें काय होतें तें पाहावयाचें असेल त्यानें हें पुस्तक उघडावें. एकाच चुलीपाशीं वाढलेलीं भावंडें निरनिराळ्या वाटांनीं फुटतात. संकट सर्वांस एका सांच्यांत घालीत नाहीं.

पुढें लक्ष्मण माने यांनीं ‘उपरा’ लिहिलें (1980). टोपल्या विणीत, गाढवावर बिऱ्हाड टाकून गांवोगांव फिरणाऱ्या कैकाड्याच्या पोराची ती हकीकत. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (1987) मध्यें तर पोराची ओळख जन्माआधींच पोलिसांच्या दप्तरांत लिहून ठेविलेली. 1871 च्या कायद्यानें अशा जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरविल्या. तो कलंक कागदोपत्रीं 1952 सालीं पुसला, लोकांच्या मनांतून मात्र अजून पुसला नाहीं. त्याच 1987 सालीं आनंद यादवांची ‘झोंबी’ आली. कागलच्या कुळवाड्याचा पोर. त्याची सारी झोंबाझोंबी कशासाठीं? शाळेंत बसावयास मिळावें एवढ्यासाठीं! या तिघांसही घाव भरपूर मिळाले. त्यांच्या आळींतल्या इतर पोरांसही तेच घाव मिळाले होते. मग त्यांचीं पुस्तकें कोठें आहेत?

येथें आमचाच एखादा वाचक आम्हांस अडवील कीं, मास्तर, शाळा शिकून तरी काय झालें? प्रश्न खरा आहे आणि त्याचें उत्तर सोपें नाहीं. बुलढाण्याकडच्या शेतकऱ्याची कथा सांगणारी सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ (2002, साहित्य अकादमी 2004) हाच प्रश्न विचारते. एकनाथ एम. ए., बी. एड. झाला. संस्थाचालकास द्यावयास पैसा नाहीं म्हणून नोकरी नाहीं, आणि शिकला म्हणून वावरांत मन नाहीं. बापास तो शेतकरी वाटत नाहीं, बायकोस साहेब वाटत नाहीं. मग तो आहे तरी कोण? अशा एकनाथांस आम्हीं स्वतः अक्षरें शिकविलीं आहेत, म्हणून तें पुस्तक आम्हांस एका बैठकींत संपवितां आलें नाहीं. अक्षरापुढें भाकर नसेल तर अक्षरही घावच होतें, हें पाहुण्यांपेक्षां आम्हांस अधिक ठाऊक आहे. कापसाच्या भावाची व नोकरीच्या बाजाराची गोष्ट टाळून तरुणांच्या चारित्र्यावर व्याख्यान देणें ही लबाडी आहे.

हल्लीं पहाटेस आमच्या गांवच्या सडकेवर पोरें धांवतात. पोलीसभरती, नाहीं तर सैन्यभरती. 2022 सालीं निघालेल्या अग्निवीर योजनेंत चार वर्षांची चाकरी, आणि पुढें चौघांत एकालाच कायम करणार. बाकीचे तिघे चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षीं याच सडकेनें परत येतील. तेव्हां ते स्वतःस काय म्हणवतील, माजी सैनिक कीं बेकार? त्यांची कादंबरी त्यांच्यापैकींच कोणीं तरी लिहावी. शंभर वर्षांपूर्वींचा शिपाई निरक्षर होता. हा बारावी झालेला आहे. यास मुकें राहण्याचें कारण नाहीं.

पण तो लिहील कसा, हा आमच्या धंद्यांतला प्रश्न, व येथें आम्ही आमच्याच बंधु-शिक्षकांशीं भांडणार. पोर पहिलीस येतें तें “मले”, “तुले”, “काऊन” बोलत येतें. आपण पहिल्याच दिवशीं त्यास सांगतों, हें अशुद्ध. म्हणजे त्याची आई अशुद्ध, आजी अशुद्ध, घर अशुद्ध! मग दहा वर्षांनीं त्याच पोरास “माझें गांव” या विषयावर निबंध घाला; तो नदी, डोंगर, प्रेमळ माणसें असें पाठ केलेलें लिहितो. सावकार, दुष्काळ, बापाची रात्रभराची खोकल्याची उबळ यांपैकीं कांहीं त्यांत येत नाहीं, कारण त्या गोष्टी ज्या बोलींत घडल्या ती आपण लाल शाईनें मारून टाकली. प्रमाण भाषा त्यास अवश्य शिकवा. कचेरींत तिच्यावांचून त्याचें अडेल. पण शेळक्यांनीं कौतिकच्या तोंडीं वऱ्हाडीच घातली म्हणून ती बाई जिवंत झाली, हें विसरूं नका. एक वही अशी असूं द्या कीं जिच्यांत लाल शाई उमटणार नाहीं.

आणि घरच्यांस सांगणें इतकेंच. ‘फकिरा’, ‘धग’, ‘झोंबी’, ‘बारोमास’ हीं चार पुस्तकें गांवच्या वाचनालयांत नसतील तर वर्गणी काढून आणवा. रात्रीं जेवणें झाल्यावर शिकलेल्या पोरीनें किंवा पोरानें चार पानें मोठ्यानें वाचावींत. म्हाताऱ्यांस जवळ बसवावें. म्हातारा मध्येंच थांबवून म्हणेल, “थांब, आमच्या वेळीं असं नव्हतं.” तेथें पुस्तक खालीं ठेवावें, वही घ्यावी, आणि तो पुढें काय सांगतो तें त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावें.