रेघ कुठे चढते?

कथानकाचा आलेख काढा म्हटलं की मुलं आधी पट्टी शोधतात. मग ठरलेला त्रिकोण येतो: डावीकडे सुरुवात, टोकावर उत्कर्षबिंदू, उजवीकडे शेवट. हा त्रिकोण जर्मन लेखक गुस्टाव्ह फ्रायटागचा. १८६३ साली त्याने तो मांडला पाच अंकी नाटकासाठी. आपण तो दिसेल त्या कादंबरीवर बसवला, गाईडवाल्यांची सोय झाली.

कादंबरी पेन्सिल हातात घेऊन वाचावी, याच मताची मी आहे. फक्त आकार आधी देऊ नये. माझ्या वर्गात पाठकोरे कागद चिकटवून लांब पट्टा करतात. आडवी प्रकरणं, उभा ताण.

व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ची ‘बनगरवाडी’ यासाठी उत्तम. छोटी आहे, वर्गात वाचून होते. मास्तरची रेघ निळी. पोरगेलासा परका मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, शाळेत पोरं नाहीत. मग कारभाऱ्याचा आधार, लोकांची कामं, तालीम बांधायचा ध्यास. निळी रेघ चढत जाते. वाडीची लाल रेघ तिच्या बरोबरीने चालते. इतक्यात कुणीतरी विचारतं, “बाई, पाऊस कुठे दाखवायचा?” पाऊस काही पात्र नव्हे, पण मेंढरं मरतात आणि वाडी उठते ती त्याने दडी मारल्यामुळे. मग तिसरी रेघ येते, आणि तिच्यामागोमाग भांडण. उत्कर्षबिंदू कुठला? तालमीसाठी राजेसाहेब वाडीत येतात तो, की दुष्काळ? पहिला म्हणणारे मास्तरची गोष्ट वाचत असतात, दुसरा म्हणणारे वाडीची. दोन्ही बाजूंनी पुस्तकं उघडली जातात, पानं दाखवली जातात. मला हवा असतो तो हा गोंधळ.

एका मुलीने कळस काढलाच नाही. आयबू, आनंदा रामोशी, दादू अशा एकेका माणसापाशी छोटा उंचवटा, बस्स. माझ्या मते तिनेच पुस्तक नीट वाचलं होतं.

‘कोसला’ या कादंबरीत तर त्रिकोण पहिल्याच तासाला मोडतो. पांडुरंग सांगवीकर गावातून पुण्याला जातो नि हात हलवत परत येतो. रेघ निघाली तिथेच येऊन टेकते. त्याच्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपाशी रेघ चढवायची की पाडायची, यावर दोन मुलांचं एकमत होत नाही.

कथानक सरळ चालत नाही, हे इंग्रज कादंबरीकार लॉरेन्स स्टर्नने १७६०च्या दशकातच ओळखलं होतं. ‘ट्रिस्ट्रम शँडी’त त्याने आपल्याच कथानकाच्या वेड्यावाकड्या, गिरक्या घेणाऱ्या रेघा छापून सरळ रेषेची थट्टा केली आहे.

म्हणून पेपर काढणाऱ्यांना एक विनंती: त्रिकोण छापून ‘रिकाम्या जागा भरा’ म्हणू नका. कोरी चौकट सोडा, आणि रेघ तिथेच का चढवली ते चार ओळींत लिहायला सांगा. गुण त्या चार ओळींना द्या.